बोटांचा होलसेल भाव : भरपाईचे दोन कायदे वापरून दिलेला अभिप्राय

कामावर तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची ताकद 14 टक्के गेली, असं भरपाईच्या कायद्यातला तक्ता म्हणतो. मधलं बोट पूर्ण गेलं तर 12. शाळेत शिकलेल्या बेरजेने हे 26 होतात. पण ही दोन्ही बोटं एकाच हाताची असली की तक्त्यात त्यांना वेगळी ओळ आहे : एका हाताची दोन बोटं, 20 टक्के. माल एकदम घेतला की भाव पडतो हे मला मार्केटयार्डातलं माहीत होतं. कायद्यातही तसंच आहे, हे उजवा हात बँडेजमध्ये असताना कळलं.

बरं, उलटही आहे. करंगळी 7 आणि तिच्या शेजारची अनामिका 7. सुटी धरली तर 14, पण जोडीने गेली की त्याच ओळीत बसतात आणि 20 होतात. म्हणजे ज्या बोटांनी मी माप घ्यायचा व्हर्नियर धरायचो, नट फिरवायचो, सही करायचो, त्यांचा भाव उतरवला आणि ज्यांच्यावाचून कसंतरी भागतं त्यांचा चढवला. तक्ता लिहिणाऱ्याने बोटं मोजली होती, कामाला लावून पाहिली नव्हती.

तर हा अभिप्राय दोन सेवांचा आहे. एक ईएसआय, म्हणजे 1948 च्या कायद्याचा कामगार विमा, तो मी स्वतः 2021 पासून वापरतोय. दुसरा 1923 चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा, तो माझ्या मेहुण्याने वापरला आणि त्याच्या फायली काखोटीला मारून मी फिरलो. घरात दोन्ही असल्यामुळे तुलना करता येते. हे दोन्ही कायदे आता नव्या संहितेत गेलेत, ते शेवटी सांगतो; इथला हिशेब आमच्या वेळचा. असा योग कुणाला न येवो.

मी पुण्यात भोसरीच्या पट्ट्यात प्रेस ऑपरेटर होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोग नाही, त्या गल्लीत ओळीने अशाच शेड आहेत. ठेकेदाराकडून होतो, चार वर्षं, एकाच शेडमध्ये. बारा तासांची पाळी, रात्री 8 ते सकाळी 8. 50 टनी प्रेस, दुचाकीच्या सायलेन्सरचं ब्रॅकेट, रात्रीत साडेचार हजार नग निघाले पाहिजेत. प्रेसला दोन हातांची दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा पंच खाली येतो, म्हणजे हात डायमध्ये, खालच्या साच्यात, राहूच शकत नाहीत. ही झाली पुस्तकातली प्रेस. आमच्या प्रेसच्या डाव्या बटणात पत्र्याचा एक तुकडा ठोकून ते कायमचं दाबून ठेवलं होतं, म्हणजे डाव्याने बटण न दाबता माल सरकवता येतो, उजव्याने बटण मारून तयार जॉब काढता येतो. तो तुकडा मी ठोकला नाही. मी आलो तेव्हापासून तो तिथे होता, वर ग्रीसचा थर बसलेला. पण तो काढूनही टाकला नाही, कारण काढला तर साडेचार हजार होत नाहीत.

प्रेस दोन दिवसांपासून डबल मारत होती. एकदा बटण मारलं की एकदाच खाली यायला हवी, ही कधीमधी स्वतःहून दुसऱ्यांदा यायची. सेटरला, म्हणजे डाय बसवणाऱ्याला, सांगितलं. तो म्हणाला, हा लॉट निघू दे, मग क्लच खोलू. पहाटे सव्वापाचला ती दुसऱ्यांदा आली. आवाज नेहमीसारखाच झाला. मला पहिल्यांदा दिसलं ते हे की हातमोजा फाटलेला नाही, दोन जागी नुसता चपटा झालाय, इस्त्री केल्यासारखा.

आता सेवेचा अनुभव.

सेवा सुरू होते अपघाताच्या कागदापासून, आणि तो कागद भरायचा असतो मालकाने. इथेच सगळी मेख आहे. सुपरवायझरने मला मोटारसायकलवर मधे बसवून एका खाजगी दवाखान्यात नेलं आणि वाटेत सांगितलं, "भाऊ, घरी पाण्याच्या मोटारीत हात गेला म्हणून सांग. औषधाचं सगळं आपण बघू." मी हो म्हणालो. त्या वेळी कुणीही हो म्हणतो. शेजारच्या प्रेसवर एक म्हातारे ऑपरेटर होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी माझ्या मागे माझाच मोबाईल उचलून प्रेसचा, डायचा आणि त्या पत्र्याच्या तुकड्याचा फोटो काढून सुपरवायझरच्याच व्हॉट्सॲपवर पाठवून दिला होता. 5 वाजून 32 मिनिटं. खाली दोन निळ्या खुणा. नंतर घरची मोटार, जिना, सायकल असल्या गोष्टी आपोआप बंद झाल्या आणि नवव्या दिवशी अपघाताचा अहवाल गेला. काकांना स्वतःला एकेकाळी करंगळी देऊन ही अक्कल आलेली. 7 टक्के.

ईएसआयची चांगली बाजू आधी सांगतो, कारण आमच्या लोकांत त्याला नावं ठेवायची फॅशन आहे आणि बरेचसे लोक ते न वापरताच ठेवतात. माझ्या पगारातून महिन्याला 124 रुपये कापले जायचे. 16,500 चा पाऊण टक्का. मालकाचा सव्वातीन टक्के, म्हणजे 537. या पैशांत मला दोन शस्त्रक्रिया, ड्रेसिंग, औषधं, व्यायाम शिकवणाऱ्या बाई, सगळं मिळालं, एक रुपया न देता. कामावर जाता येत नव्हतं त्या चार महिन्यांचा पगाराच्या 90 टक्के भत्ता मिळाला. चूक कुणाची, हात का घातला, हे भत्ता देताना कुणी विचारलं नाही. नियम मोडून काम करत असलात तरी ते मालकाच्या धंद्यासाठीच चाललं होतं ना, एवढं कायदा बघतो. पत्र्याच्या त्या तुकड्यामुळे माझी झोप उडाली होती, पण त्याचा प्रश्नच आला नाही. याला मी पूर्ण गुण देतो.

पहिला भत्ता सात आठवड्यांनी आला, हे मात्र लिहायला हवं. त्या सात आठवड्यांत बायकोने मंगळसूत्राच्या वाट्या गहाण ठेवल्या आणि मला म्हणाली, "अहो, विमा आहे ना आपला? मग हे काय?" कार्यालयात खेपा माराव्या लागल्या. एकदा कारण होतं, आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव यांत वडिलांच्या नावाचा एक काना जास्त. दुसऱ्यांदा बँकेचा अर्ज परत आला, सही जुळत नाही म्हणून. सही कशी जुळणार? ज्या दोन बोटांनी ती सही करायचो तीच तर दाव्यात आहेत. शेवटी अंगठा लावला. बारावी पास आहे मी, आणि पासबुकावर आता अंगठा आहे.

आता 90 टक्के कशाचे ते बघा. पावतीवरच्या पगाराचे. माझी पावती 16,500 ची होती, हातात 21,000 पडायचे. वरचे साडेचार हजार जादा तासांचे, ठेकेदार पाकिटातून द्यायचा, कुठे सही नाही. तेव्हा मलाही ते बरं वाटायचं. कापाकापी नाही, पैसे रोख. अपघाताच्या दिवशी ते साडेचार हजार कुणाला दिसलेच नाहीत, आणि ते मिळाले होते असं सांगणारा मी एकटा. मी सांगतो म्हणून नाही, पण ज्यांना पाकीट मिळतं त्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

बोटं बरी झाल्यावर, म्हणजे बोटांच्या जागा बऱ्या झाल्यावर, वैद्यकीय मंडळापुढे उभं केलं. टेबलामागे डॉक्टर, बाहेर बाकावर आम्ही अकराजण. माझ्या शेजारी एक पोरगा होता, त्याने आपला हात रुमालात गुंडाळून ठेवला होता, लग्न ठरायचंय म्हणे. आत गेलो. मूठ मिटा. उघडा. पेन धरा. अंगठा करंगळीला लावा. संपलं. चार मिनिटं झाली असतील. डॉक्टर वाईट नव्हते, उलट एक जण म्हणाले, "अंगठा वाचला तुमचा, तो गेला असता तर एकट्याचे 30." नुसत्या अंगठ्याचे 30, एक डोळा गेला तर 40, एका हाताची चारही बोटं गेली तर 50. त्यांना हे तोंडपाठ असतं. मी सांगायला गेलो की मी प्रेस चालवायचो, डाय बसवायलाही शिकत होतो, पुढच्या वर्षी सेटर झालो असतो. त्यांनी ऐकून घेतलं. पण अर्जात त्याला रकाना नाही. उजवा हात की डावा, यालाही तक्त्यात फरक नाही.

20 टक्के लागले. याचा अर्थ, पगाराच्या 90 टक्क्यांचे 20 टक्के, महिन्याला साधारण 2,970 रुपये, मरेपर्यंत. वाचणाऱ्याला हसू येईल, पण मी तक्रार करत नाही, थांबा. हेच मी ईएसआयमध्ये नसतो आणि 1923 च्या कायद्याखाली आलो असतो तर काय मिळालं असतं ते मी काढून पाहिलंय. त्या कायद्याचं गणित असं : पगाराचे 60 टक्के, गुणिले वयाप्रमाणे कायद्याने ठरवलेला आकडा, गुणिले अपंगत्वाचे टक्के. पगार कितीही असो, 15,000 च्या वर धरत नाहीत. 2020 च्या जानेवारीपर्यंत तर 8,000 च्याच वर धरत नव्हते. 35 वर्षांच्या माणसाचा आकडा आहे 197.06. म्हणजे 9,000 गुणिले 197.06, त्याचे 20 टक्के, 3,54,708 रुपये, एकरकमी. ऐकायला मोठे. महिन्याच्या 2,970 ने ते दहा वर्षांत वसूल होतात. मी अजून पंधरावीस वर्षं तरी जगायच्या विचारात आहे, शिवाय एकरकमी पैसा आमच्या घरी किती दिवस एकरकमी राहतो हे मला माहीत आहे. तेव्हा या सौद्यात ईएसआय पुढे आहे.

पण न्याय्य आहे का म्हणाल, तर आजचा हिशेब सांगतो. फिट सर्टिफिकेट मिळालं त्याच आठवड्यात ठेकेदाराने घरी बसवलं. भत्ता चालू असेपर्यंत कामावरून काढता येत नाही, असा नियम आहे. फिट झालात की तो नियमही संपला. मी आता एका गोडाऊनमध्ये आवक-जावक लिहितो, डाव्या हाताने, 13,000 वर. हा पगार आणि ते 2,970 मिळून सोळा हजाराच्या आत. आधी 21,000. कमाई 21 वरून 13 वर आली, म्हणजे 38 टक्के गेली, आणि कायद्याच्या मते गेले 20. दिव्यांगांचं प्रमाणपत्र काढावं म्हटलं तर त्याच्या बऱ्याचशा सवलतींना 40 लागतात. मी प्रेसवर काम करण्याइतका धड नाही आणि सवलत मिळण्याइतका मोडलेला नाही.

आणखी एक खटकतं, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा दोष आहे. माझ्या बोटांपायी मालकाचा खर्च किती वाढला? शून्य. तो आधी 537 भरत होता, नंतरही माझ्या जागी आलेल्या माणसाचे 537 च भरत राहिला. प्रेस शॉप असो की साड्यांचं दुकान, दर एकच, सव्वातीन टक्के. वर्षात चार हात गेले म्हणून हप्ता वाढत नाही, एकही गेला नाही म्हणून कमी होत नाही. आणि विमा आहे म्हणून मालकाकडून वेगळी भरपाईही मागता येत नाही, कायद्याने ती वाट बंद केलेली आहे. फॅक्टरी इन्स्पेक्टर आला तर खटला होतो, दंड होतो, ते वेगळं खातं. पण साधं दुकानदारीचं गणित म्हणाल तर प्रेसला सेन्सर लावायला पैसे लागतात आणि न लावायला लागत नाहीत. पुढे चारएक महिन्यांनी काकांना भेटायला गेटवर गेलो होतो. ते म्हणाले, क्लच बदलला. पत्र्याचा तुकडा? तो आहे.

आता मेहुण्याची गोष्ट. तो गवंडी. नोव्हेंबर 2021, वय 40, गावाकडे तालुक्याच्या ठिकाणी एका बिल्डरची तीन मजली इमारत. हाताखाली सहासात माणसं घेऊन काम करणारा उपठेकेदार. त्या टापूत तेव्हा ईएसआय लागू नव्हतं, आणि असतं तरी याचं नाव कुठल्या वहीत होतं म्हणा. दुसऱ्या स्लॅबच्या बाहेरून गिलावा करताना परांचीची बल्ली सुटली. तो पडला तो पायांवर. लोक म्हणाले नशीब, डोक्यावर नाही पडला. दोन्ही टाचांची हाडं फुटली. टाच म्हणजे काय हे गवंड्याला विचारा. उकिडवं बसता येत नाही, शिडी चढता येत नाही, घमेलं घेऊन उतरताना पाऊल टेकवता येत नाही. पण वरून बघितलं तर माणूस चालतोय.

उपठेकेदाराने दवाखान्याचं अर्धं बिल भरलं आणि एक दिवस घरी येऊन 40,000 रुपये ठेवले, सोबत 100 चा स्टँप पेपर. "यापुढे माझी काही तक्रार राहणार नाही." मेहुण्याने सही केली आणि मला आठ दिवसांनी फोन केला, "दाजी, चुकलं का माझं?" मी तेव्हा स्वतःच्या प्रकरणामुळे अर्धा वकील झालो होतो. खऱ्या वकिलांकडे घेऊन गेलो. त्यांनी स्टँप पेपर वाचला, घडी घातली आणि म्हणाले, जपून ठेवा, हा आपल्याच कामाचा आहे. कारण 1923 च्या कायद्यात दोन चांगल्या तरतुदी आहेत. कामगाराने आपला हक्क सोडल्याचा करार कायद्याच्या लेखी शून्य. आणि तडजोड करायचीच असेल तर ती भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते. रक्कम फार कमी वाटली, फसवून घेतलीय असं वाटलं तर ते नोंदणी नाकारू शकतात. न नोंदवलेला कागद मालकाला ढाल म्हणून वापरता येत नाही. उलट त्या कागदावर उपठेकेदाराने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं की हा माणूस माझ्या कामावर पडला. हजेरीवही नाही, पगारपत्रक नाही, ओळखपत्र नाही, आणि तक्रार मिटवायला केलेला कागद हाच एकमेव पुरावा. ज्याने लिहिला त्याला आजही कळलं नसेल.

तिसरी चांगली तरतूद बिल्डरच्या बाबतीत कामी आली. काम ठेकेदारामार्फत करून घेतलं तरी, ते मूळ मालकाच्या धंद्याचंच काम असेल तर भरपाईला तो जबाबदार. मग त्याने ठेकेदाराकडून वसूल करावं. उपठेकेदाराकडे एक मिक्सर आणि एक टेम्पो, तोही कर्जाचा. त्याच्याकडून काय निघणार होतं? दावा दोघांवर लावला, अपघातानंतर चौदा महिन्यांनी. मुदत दोन वर्षांची असते. वर्षभर तर "बघू, करू, दिवाळीनंतर" यातच गेलं. हे सगळ्यांचं जातं, म्हणून लिहितोय.

पुढचं मात्र वाईट. कायदा म्हणतो, आयुक्तांनी तीन महिन्यांत निकाल द्यावा. लागली दोन वर्षं चार महिने. तारखांना मेहुणा एसटीने यायचा, रोज बुडवून, बायको सोबत, कारण स्टँडच्या पायऱ्या उतरताना आधार लागतो. समोरच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं, दारू पिऊन चढलात का? हा प्रश्न सगळ्यांना विचारतात म्हणे. नशेत असला, जाणूनबुजून सुरक्षेची साधनं काढली असली, तर मृत्यू आणि पूर्ण अपंगत्व सोडून बाकी प्रकरणांत मालक सुटू शकतो. ईएसआयमध्ये मला कुणी विचारलं नाही ते मेहुण्याला भर कोर्टात विचारलं. तो वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. नुसती माळ हातात धरून उभा राहिला. ते टिपणात येत नाही.

टाच तक्त्यात नाही. तक्त्याबाहेरच्या इजेला डॉक्टर टक्का ठरवतात, आणि तो अंगाचा नाही, कमाईच्या ताकदीचा धरायचा असतो. इथे वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा सत्तरच्या दशकातला एक निकाल काढला, एका सुताराचा. कोपराच्या वर डावा हात कापावा लागला होता. न्यायालयाने म्हटलं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसापुरतं हे अपंगत्व 100 टक्के. मला हा निकाल ऐकून बरं वाटलं आणि वाईटही. म्हणजे कुणीतरी एकदा तरी बोटं न मोजता काम मोजलं होतं. मेहुण्याच्या डॉक्टरांनी 25 लिहिले होते. वकिलांनी 100 मागितले. आयुक्तांनी 40 दिले. पगाराचा पुरावा नाही म्हणून महिन्याचे 12,000 धरले. खरी मजुरी रोजची 700 होती. 12,000 चे 60 टक्के 7,200, गुणिले 184.17, त्याचे 40 टक्के, 5,30,410 रुपये. त्यावर वर्षाला 12 टक्के व्याज, आणि तेही निकालापासून नाही, अपघात झाला तेव्हापासूनचं. साडेतीन वर्षांचं व्याज धरून साडेसात लाखांच्या घरात गेलं. आधीचे 40,000 वजा झाले. हे व्याज नसतं तर समोरच्याने अजून दहा वर्षं तारखा घेतल्या असत्या, असं वकील म्हणाले, आणि ते वकील असल्यामुळे माझा विश्वास बसला. मेहुणा आता गावात किराणा मालाच्या दुकानात बसतो. बसतो म्हणजे खुर्चीवर; आमच्याकडे दुकानदार गादीवर मांडी घालतो, ती घालता येत नाही.

एक गोष्ट राहून राहून मनात येते. माझी हीच बोटं शेडच्या बाहेर, नाशिक रस्त्यावर एखाद्या ट्रकखाली गेली असती, तर मी मोटार अपघात न्यायाधिकरणात गेलो असतो. तिथे पगाराला 15,000 चं झाकण नाही. पुढे वाढणाऱ्या कमाईचा विचार होतो. वेदनेचे वेगळे, आयुष्यातला आनंद गेला त्याचे वेगळे पैसे असतात. कामावरच्या दोन्ही कायद्यांत वेदनेला रकानाच नाही. न्यायाधिकरणात चूक कुणाची ते सिद्ध करत बसावं लागतं, कामावरच्या कायद्यांत लागत नाही, हा त्यातला सौदा आहे, मान्य. तरी गेटच्या आतल्या बोटाचा आणि गेटच्या बाहेरच्या बोटाचा भाव इतका वेगळा का, हे मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

गेटच्या बाहेरचं निघालंच आहे तर, कामावर जाताना-येताना झालेला अपघात धरायचा की नाही यावर फार भांडणं झाली. ईएसआयमध्ये 2010 च्या दुरुस्तीने तो धरला गेला. 1923 च्या कायद्याखाली मात्र रखडत होतं. आपल्याच धाराशिवकडचा एक साखर कारखान्याचा वॉचमन, 2003 साली पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवर निघालेला, कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना रस्त्यातच अपघातात गेला. आयुक्तांनी घरच्यांना भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती काढून घेतली, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या जुलैत परत दिली. 22 वर्षं. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हे दोन्ही जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. जाण्या-येण्याचा अपघात त्यात स्पष्ट लिहिलाय, चांगलं झालं. मी तक्ता उघडून आधी बोटं पाहिली. एका हाताची दोन बोटं, 20 टक्के. भाव तोच.

तारे द्यायचे तर, ईएसआयला पाचपैकी साडेतीन. अर्धा उपचारासाठी वाढवला असता, पण सात आठवडे बायकोचा गळा रिकामा होता. 1923 च्या कायद्याला कागदावर चार, कोर्टाच्या बाकावर बसून दोन. बारा टक्के व्याजाला सलाम. तक्त्याला एक, तोही टाइप स्वच्छ आहे म्हणून.

वापरणाऱ्याला एवढंच सांगेन की पहिल्या दिवशी जे हाती घ्याल तेच शेवटपर्यंत पुरतं. जागेचा फोटो, सोबत्याचा नंबर, पहिल्या दवाखान्याच्या कागदावर "कामावर मशीनमध्ये" हे दोन शब्द. डॉक्टर घाईत "घरगुती" लिहितात, आणि सोबत आलेला सुपरवायझर ते लिहून होईपर्यंत हलत नाही. ते शब्द नंतर खोडून घ्यायला मी दोन महिने लागलेले पाहिलेत.

येत्या गुरुवारी आमच्या चाळीतला एक पोरगा येतोय, बावीस वर्षांचा, डावा अंगठा, वरचं पेर. 20 टक्के. माझ्या दोन बोटांएवढेच. त्याला सांगितलंय, पगाराच्या पावत्या आण, नसतील तर बँकेचं पासबुक आण, आणि ठेकेदाराने काही कागद पुढे केला तर दोन्ही हात दुखतायत म्हण.